राजपालला कळवा

चौतीस वर्षं मी बीदरच्या मराठी शाळेत शिकवलं. त्या काळात 'कळवा' हा शब्द किती कागदांवर लिहिला असेल याला गणती नाही. गैरहजर राहणार असाल तर कळवा, पत्ता बदलला तर कळवा, पालकांना कळवा. इतका साधा शब्द की लिहिताना त्याकडे कुणी बघतही नाही. या शब्दापायी एक भला माणूस दिवसभर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसला. लोक त्याचा दोष महेशकुमार टायपिस्टला देतात, आणि बरेच दिवस मीही त्यालाच देत होते. त्याला दोष देणं सोयीचं आहे. ठाण्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो रोज बसलेला असतो, आणि उलट बोलत नाही.

तो भला माणूस म्हणजे राजपाल, विजेच्या खात्यातला लाइनमन. चार वर्षांपूर्वी आमच्या मीटरच्या पेटीत माश्यांनी घर केलं. शेजारची शिवम्मा काठीला चिंध्या गुंडाळून, रॉकेल शोधत फिरत होती. तेवढ्यात मीटर बघायला हा आला. त्यानं पेटीचं झाकण हळूच उघडलं, आत डोकावला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाला, "जाळायलाव कामून? सातेरी माशी हाय ही. गरीब असती."

गरीब माशीनं त्याला तेवढ्यात दोनदा डंख मारला. त्याचं लक्षही नव्हतं. उघड्या हातानं त्यानं एकेक पोळं कापलं, दोऱ्यानं लाकडी चौकटींना बांधलं आणि संध्याकाळी कुठून तरी आणलेल्या पेटीत सगळा संसार हलवला. मग पायरीवर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "अक्का, माज्या घरावर पत्रे हायत. उनात पोळं टिकत न्हाई. तुमच्या गच्चीवर चिंचेची सावली पडती. ठेवू का हितं?"

सगळी गल्ली मला मॅडम म्हणते. शाळा सुटली तरी मॅडमपण सुटलं नाही. पहिल्याच भेटीत अक्का म्हणणारा हा पहिलाच. मी हो म्हणाले.

एकाच्या सहा पेट्या झाल्या. दर रविवारी सकाळी तो बाहेरच्या जिन्यानं वर यायचा. गच्चीच्या दाराची एक किल्ली मी त्याच्याकडेच दिली होती. पेट्यांच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे म्हणजे मुंग्या चढत नाहीत, पेटी उघडताना आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही, राणी दिसली की बोलायचं थांबायचं, हे सगळं मला त्यानं शिकवलं. माझे मालक, काशप्पा, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगा बसवप्रभु बेंगळूरला. रविवारची सकाळ आली की घरात कुणीतरी येणार आहे, एवढ्यावर मी आठवडा काढायची. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

आमचं घर बसवण्णांना मानणारं. माणसामाणसांत भेद नाही हे मी शाळेत तळमळीनं शिकवायची, आणि राजपालला आमच्याच कपात चहा देते याचा मला मनातून अभिमान होता. आता वाटतं, ज्याचा अभिमान वाटतो ते अजून अंगवळणी पडलेलं नसतं. तो मला तुमी म्हणायचा, मी त्याला तू. वयाचं अंतर फार तर पाच-सहा वर्षांचं. तेही मला कधी खटकलं नाही.

यंदा एप्रिलात, एका सोमवारी सकाळी मी वर गेले तर सहातल्या दोन पेट्या जागेवर नव्हत्या. दार नीट लावलेलं, कुलूप शाबूत. आधी वाटलं, राजपालनंच कशाला तरी नेल्या असतील. त्याला फोन केला तर तो चालू कामावरून तसाच आला, कमरेचा पट्टा आणि पकड लटकवूनच. तोवर नऊ वाजले होते, आणि त्या दोन रिकाम्या स्टँडवर माश्या घोटाळायला लागल्या होत्या. पायांत पिवळे परागगोळे घेऊन यायच्या, पेटीचं दार जिथं असायचं तिथं उतरायला बघायच्या, आणि तिथं काहीच नाही म्हणून पुन्हा उठायच्या. काही थकून स्टँडच्या लाकडालाच चिकटून बसल्या. मला ते बघवेना.

राजपाल बराच वेळ उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, पेट्या लांब गेल्या न्हाईत."

"तुला कसं कळलं?"

"लांब नेली असती तर माशीला मुलूखच वेगळा लागला असता, तिनं नवी वाट शिकली असती. ही बाहीर पडली तर तिला वळखीची झाडं दिसली. चिंच दिसली, पाण्याची टाकी दिसली. मग ती जुन्याच घराला आली. कोसाच्या आतच हायत पेट्या. बीदरातच."

त्यानं एक रिकामी पेटी आणून त्या जागेवर ठेवली आणि दुसऱ्या पेटीतली एक भरली चौकट तीत सोडली, बेघर माश्यांना आसरा म्हणून. माश्या आत जायला लागल्या तेव्हाच तो उठला. जाताना म्हणाला, "खांबावरनं मला गावातल्या समद्या गच्च्या दिसत्यात. सापडतील."

त्याच संध्याकाळी बसवप्रभुचा फोन आला. मी चोरीचं सांगितलं. त्यानं एकच प्रश्न विचारला, "कुलूप तोडलं नाही म्हणतेस, मग किल्ली कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं. आणि राजपालकडं."

तो काही बोलला नाही. शहरात राहणारी माणसं असं गप्प राहायला चांगलं शिकतात. मीच घाईनं म्हणाले की राजपाल तसला नाही. "मी कुठं काय म्हणलो?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिवम्मानं तेच जरा उघड्यावर सांगितलं. "मॅडम, पेटीला हात लावायचं धाडस दुसऱ्या कुणाला हाय? आमी तर जवळसुद्धा जात न्हाई. ज्याला माशी चावत न्हाई, त्यानंच नेलं असंल की." मी तिला झिडकारलं. तिच्या घरात कुठल्या डाळीला किती शिट्ट्या होतात ते मला माहीत आहे, तिनं मला शहाणपण शिकवू नये, असंही काहीसं बोलले. पण झिडकारलेली गोष्ट दिवसभर डोक्यात राहिली.

मंगळवारी संध्याकाळी राजपाल आला. गच्चीवर गेला नाही, पायरीवरच उभा राहिला. चहा नको म्हणाला. माझ्याकडे न बघता, हातातल्या टोपीशी चाळा करत होता.

"दिसल्या का रे कुठं?"

"सापडतील, अक्का. चार दिस थांबा."

"थांबून काय होणार? उद्या पोलिसात जाऊन येते मी."

त्यानं चटकन वर बघितलं. "पोलिसात कामून जायलाव? नका जाऊ. मी हाय की. शनिवारी पेट्या जाग्यावर दिसतील बगा."

"शनिवारीच का?"

"दिसतील," एवढंच म्हणाला आणि गेला.

मी दार लावलं आणि तिथंच उभी राहिले. खोटं बोलणारी पोरं मी चौतीस वर्षं बघितली आहेत. नजर कशी चुकवतात, टोपीशी कसा चाळा करतात, सगळं मला पाठ. मला वाटलं, मी ओळखलं. त्या क्षणी मला दुःख तर झालंच, पण खरं सांगते, त्या दुःखात थोडं समाधानही होतं, आपल्याला ओळखता आलं याचं. बुधवारी सकाळी मी गच्चीला नवं कुलूप लावलं. त्याची किल्ली कुणालाच दिली नाही.

आणि ठाण्याकडे गेले. तिथला हवालदार दक्षिणेकडचा, त्याला मराठीचा गंध नाही. मधाच्या माश्या चोरीला गेल्या म्हटल्यावर तो हसू दाबत म्हणाला की कन्नडमधून लेखी आणा. कन्नड वाचता येत असलं तरी सरकारी अर्जाचं कन्नड मला लिहायला जमत नाही, म्हणून मी रस्ता ओलांडून महेशकुमारकडे गेले. हा कन्नड माणूस, पण या भागातला असल्यामुळे मराठी ऐकून समजतो, बरंचसं. दिवसभर ठाण्याचेच अर्ज टायपून त्याची बोटं ठरावीक वाक्यांवर आपोआप पडतात. मी मराठीत सांगत गेले, तो कन्नडमध्ये टायपत गेला. पेट्या दोन, रंग निळा, गच्चीवरून गेल्या, कुलूप शाबूत. दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक राजपालकडे. हे सांगायची काही गरज नव्हती, पण मी सांगितलं. शेवटी म्हणाले, "आणि खाली लिहा, पेट्यांतलं मला काही समजत न्हाई. सापडल्या तर हा नंबर, राजपाल, त्याला कळवा."

पंखा घरघरत होता, बाहेर ट्रॅक्टर उभा होता. त्यानं मान हलवली आणि टायपलं. कन्नडमध्ये 'कळवु' म्हणजे चोरी. कागद बाहेर आला, त्यात शेवटची ओळ होती, 'राजपाल, कळवु माडिरुत्ताने.' पुढे त्याचा फोन नंबर. राजपालनं चोरी केली आहे.

महेशकुमार म्हणाला, "ओदि नोडि, मेडम." वाचून बघा. मी चष्मा लावला आणि वाचलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी ते वाचलं. माझी नजर त्या शब्दावर अडली, चूक कशी झाली असेल तेही मला त्याच क्षणी समजलं. मनात हसूसुद्धा आलं. 'अहो, हे काय लिहिलंत,' एवढं म्हणायचं होतं, दोन मिनिटांत दुसरा कागद निघाला असता. मी पेन हातात घेऊन बसले आणि विचार केला, असू दे. मी तर असं काही म्हणाले नाही. चूक टायपिस्टची आहे. पोलिसांनी त्याला दोन प्रश्न विचारले तर विचारू देत, नसेल केलं तर त्याला कसली भीती? खाली छापील ओळ होती, वाचून पाहिले, बरोबर आहे. तिच्याखाली मी मराठीत सही केली, मल्लेश्वरी काशप्पा, वळणदार अक्षरात.

गुरुवार असाच गेला. शुक्रवारी अकराच्या सुमाराला ठाण्यातून फोन आला. "मेडम, कळ्ळ सिक्किदाने." चोर सापडला. राजपालला कामावरून, खांबावरून खाली उतरवून आणलं होतं. काही कबूल करत नाही म्हणाले. तुम्ही या.

मी गेले नाही. स्वयंपाक करायचा आहे म्हणाले. एकटीचा स्वयंपाक तो किती? मी भाकरी केली, भाजी केली, जेवले, भांडी घासली. मला वाटत होतं, तासाभरात तो कबूल करेल आणि पेट्या कुठं आहेत ते सांगेल, मग मी जाऊन म्हणेन की जाऊ द्या साहेब, सोडून द्या त्याला. माफ करायची तयारी मी करून ठेवली होती.

तीन वाजता फोन वाजला. मला वाटलं ठाण्यातून. तर रेवणसिद्ध, माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, चार गल्ल्या सोडून राहतो.

"काकू, त्या लाइनमनचा दुसरा नंबर असंल तर द्या की. त्याचा फोन लागंना झालाय. पेट्यांतनं मध गळायलाय, माश्या पटापट मरायल्यात."

"कुठल्या पेट्या?" मी विचारलं. कुठल्या ते मला माहीत झालं होतं.

"तुमच्याच की. रविवारी मी नेल्या न्हाई का, टाकी धुवायला आलो तवा. तुमी शेजारी गेला व्हता, कामून बोलवायचं म्हनून तशाच नेल्या. घरातलीच तर वस्तू हाय."

देवघराशेजारच्या खिळ्याला गच्चीची तिसरी किल्ली असते. टाकी धुवायला रेवणसिद्ध नेहमी तीच घेतो. पोलिसांना किल्ल्या सांगताना, मुलाला सांगताना, मी दोनच सांगितल्या. तिसरी मी लपवली नाही. ती मला आठवलीच नाही. घरच्यांना मी मोजलंच नव्हतं.

पुढचं रेवणसिद्धनं फोनवरच, अगदी सहज सांगितलं. त्याला माश्या पाळायची हौस आली होती. दिवेलागणीला पेट्यांच्या तोंडाला कापड बांधून त्यानं त्या नेल्या आणि आपल्या गच्चीवर पत्र्याच्या छपरीत ठेवल्या. मंगळवारी राजपालला त्या खांबावरून दिसल्या. तो वर आला, कुणाचं घर आहे ते विचारलं, आणि त्याला नातं कळलं. रेवणसिद्धचे सासरे गुरुवारी कोहिनूर गावाहून यायचे होते, त्यांना हा जावयाचा नवा धंदा दाखवायचा होता. तोवर राहू द्या म्हणून यानं गयावया केली. राजपाल म्हणाला, राहू दे, शुक्रवारी अंधार पडल्यावर मी नेऊन जाग्यावर ठेवतो. पत्र्याखाली माशी तग धरत नाही म्हणून त्यानं पेट्यांवर पोती टाकली, आणि रोज दुपारी कामातून येऊन तो ती पोती भिजवून जायचा.

"आज त्यो आलाच न्हाई," रेवणसिद्ध म्हणाला. "आन् काकू, त्यो म्हनला व्हता, अक्काला कळवू नका. पुतण्यानं केलं म्हनून त्यांच्या जिवाला लागंल. म्हनून मी बोललो न्हाई तुमाला."

मी रिक्षा करून ठाण्यात गेले. हा फोन आला नसता तर मी त्या दिवशी गेले असते की नाही, मला सांगता येत नाही.

राजपाल आत बाकावर बसला होता. कमरेचा पट्टा काढून घेतलेला, एका पायातली चप्पल तुटलेली. सकाळी साडेदहापासून तो तिथं होता. मला बघून तो सवयीनं उठून उभा राहिला. चेहऱ्यावर सुटका दिसली. त्याला वाटलं मी त्याला सोडवायला आलेय.

"अक्का, आलाव व्हय. ह्यांच्याकडं काईतरी चुकीचा कागद आलाय बगा." मग एकदम जवळ येऊन हळूच म्हणाला, "किती वाजले?"

"साडेतीन."

त्यानं डोळे मिटले. त्या दिवशी बीदरला त्रेचाळीसपर्यंत ऊन गेलं होतं.

साहेबांना मी सांगितलं की टायपिस्टची चूक झाली, मराठीतलं कळवा आणि कन्नडमधलं कळवु. त्यांना आधी समजेना, मग समजलं तेव्हा सगळं ठाणं हसलं. हवालदारानं तर तो कागद हातात घेऊन दोघा-तिघांना वाचून दाखवला. राजपाल हसला नाही. हे सगळं चालू असताना त्याला पुतण्याचं नाव सांगून केव्हाही सुटता आलं असतं. पाच तास त्याला विचारत होते पेट्या कुठं आहेत, आणि त्याला त्या कुठं आहेत ते माहीत होतं. तो माझ्या घराचं नाव झाकून बसला होता, आणि मी घरी भांडी घासत होते.

आम्ही थेट रेवणसिद्धच्या गच्चीवर गेलो. पोती वाळून कडक झालेली. पेट्यांच्या फटींतून मध ओघळून जमिनीवर आला होता आणि त्यात माश्या रुतल्या होत्या, शेकड्यांनी, पंख चिकटलेल्या. राजपालनं झाकण काढलं. पोळी मऊ पडून एकमेकांवर कोसळली होती. आत काही हलत नव्हतं. त्यानं बोटानं मध बाजूला करत करत राणी शोधली, दोन्ही पेट्यांत. दोन्ही सापडल्या. तळव्यावर घेऊन त्यानं त्या पाण्यानं धुतल्या. कशाला, ते मी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता, हात चिकट होते म्हणून.

रेवणसिद्ध म्हणाला, "काकू, नवीन पेट्या आणून देतो की." मी त्याच्या थोबाडीत मारली. तिसाव्या वर्षी पोराच्या थोबाडीत मारणं शोभत नाही, आणि ती थोबाडीत त्याची नव्हतीही. तो गाल धरून माझ्याकडे बघत राहिला.

त्यानंतर तीन रविवार राजपाल आला नाही. नवं कुलूप मी काढून टाकलं होतं. रविवारी दार सताड उघडं ठेवून मी वर बसायची, चहाचं आधण चुलीवर ठेवून. त्याच्याबद्दल ऐकू यायचं ते शिवम्माकडून. खांबावरून पोलिसांनी उतरवलेला माणूस सगळ्या गल्लीनं बघितला होता. सुटला ते कुणी बघितलं नव्हतं. त्याच्या बरोबरीचे लोक त्याला 'जेनुकळ्ळ' म्हणून चिडवायचे, मधचोर. गमतीनंच, शिवम्मा म्हणाली. कुणाच्या घरी मीटर बघायला गेला की बाया दारातच उभ्या राहायच्या. शेवटी त्यानं स्वतःच औरादला बदली मागून घेतली, असं तिनं सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या घरी फोन केला. त्याची मुलगी प्रेरणा बोलली. "बाबा येतील तुमच्याकडं," म्हणाली, आणि ठेवला.

चौथ्या रविवारी संध्याकाळी तो आला. दारात टेम्पो होता. माश्या दिवस मावळल्यावरच हलवतात, सगळ्या घरी आल्यावर. तो वर आला, मला नमस्कार केला, उरलेल्या पेट्यांभोवती एकदा फिरला. आता तो बराच वाळलेला दिसत होता. मी चहा आणला तर त्यानं घेतला. मला फार बरं वाटलं.

"औरादला जायलाव व्हय?" मी विचारलं. तुम्ही म्हणाले मी त्याला, पहिल्यांदाच.

"व्हय. शेतं हायत चौफेर, करडई असती. माशीला बरं."

मग मी बोलायला लागले. रेवणसिद्धला बोलले, मुलाला बोलले, शिवम्माला बोलले, सगळ्यात जास्त महेशकुमारला. त्या मूर्खाला साधं मराठी ऐकता येत नाही, त्याचं दुकान बंद करायला पाहिजे. राजपाल ऐकत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "अक्का, एक विचारू का?"

"विचारा की."

"सही करायच्या आदी त्यो कागद तुमी वाचला व्हता का?"

चिंचेवर कावळे परतत होते, खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मला उत्तर द्यायला पुष्कळ वेळ होता. त्याचा आवाज रागाचा नव्हता, उलट त्यात एक आर्जव होतं. मला वाटलं, त्याला माझ्याकडून नाही ऐकायचं आहे. आणि मला तेच म्हणायचं होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "माझं कन्नड कच्चं. त्यानं काय लिहिलं, मला वाचताच आलं न्हाई."

तो खाली वाकला, दोरीचं वेटोळं उचललं, सोडवायला लागला. सोडवता सोडवताच म्हणाला, "प्रेरणा कन्नडच्या पेपरात पास झाली त्ये तुमी शिकिवलं म्हनून. दोन उन्हाळे हितं तुमच्या टेबलावर बसून. एकेक अक्षर तुमीच गिरवून घेतलं."

मी खाली ठेवलेला त्याचा कप उचलून घेतला.

"चूक समद्यांकडनं व्हत असती, अक्का," तो म्हणाला. "घरातनं निघताना मी पोरीला सांगून आलो व्हतो. अक्का 'व्हय, वाचला' म्हनल्या तर पेट्या हितंच ठिवून येतो, आन् दर रविवारी औरादहून बसनं येत जातो. टेम्पोवाल्याला तसंच बोललो व्हतो, रिकामं बी जायला लागंल म्हनून."

एवढं बोलून त्यानं पहिल्या पेटीच्या तोंडाला कापड बांधलं आणि ती उचलली.